सुशील कुमारचा जामीन आणि आपल्या वस्तीतला कच्चा कैदी

१३ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पैलवान सुशील कुमारचा जामीन रद्द केला आणि एका आठवड्यात शरण येण्याचा आदेश दिला. त्याप्रमाणे सुशील पुन्हा तुरुंगात गेला. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला जामीन जेमतेम पाच महिने टिकला. त्या दिवशी आमच्या ग्रुपांवर दोन प्रकारचे मेसेज फिरत होते. काहींनी लिहिले, "बरे झाले, मोठ्या माणसालाही कायदा लागू होतो हे दिसले." काहींनी विचारले, "खटला संपलेला नसताना माणसाला वर्षानुवर्षे आत ठेवणे हा कुठला न्याय? भीमा कोरेगावच्या वेळी आपण हेच म्हणत होतो ना?"

दोन्ही बाजूंना लिहिणारे आपलेच कार्यकर्ते होते, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच या प्रकरणावर शांतपणे बोलायला हवे असे आम्हाला वाटते. एका पैलवानाच्या खटल्यात आपल्याला एवढा रस का, असे कोणी विचारील. आपल्या वस्तीतल्या पोराला अटक होते तेव्हा आणि आपल्या माणसाचा खून होतो तेव्हा आपण न्यायालयाकडे नेमके काय मागायचे, हा प्रश्न या खटल्याने आपल्यासमोर ठेवला आहे.

प्रकरण काय आहे

सुशील कुमारचे नाव महाराष्ट्राच्या तालमींतही आदराने घेतले जायचे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. त्यानंतर कुस्तीत भारताला दुसरे पदक मिळायला ५६ वर्षे लागली. ते पदक २००८ मध्ये बीजिंगला सुशीलने आणले. २०१० मध्ये तो विश्वविजेता झाला. २०१२ मध्ये लंडनला उद्घाटनाच्या वेळी देशाचा ध्वज त्याच्या हाती होता आणि तिथून तो रौप्यपदक घेऊन परतला. खेलरत्न, पद्मश्री, रेल्वेतील नोकरी, आणि ज्या छत्रसाल स्टेडियममध्ये तो घडला तिथेच अधिकारपद, हे सगळे त्याला मिळाले.

४ मे २०२१ च्या रात्री याच छत्रसाल स्टेडियममध्ये काही तरुण पैलवानांना बेदम मारहाण झाली. त्यात कनिष्ठ गटातील माजी राष्ट्रीय विजेता सागर धनखड याचा मृत्यू झाला. एका फ्लॅटच्या वादातून ही मारहाण झाली आणि त्यात सुशीलचा पुढाकार होता, असा पोलिसांचा आरोप आहे. घटनेनंतर सुशील गायब झाला. अजामीनपात्र वॉरंट निघाले, त्याचा ठावठिकाणा सांगणाऱ्याला एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर झाले, अटकपूर्व जामीन नाकारला गेला. अखेर २३ मे रोजी दिल्लीत त्याला अटक झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये रोहिणी न्यायालयाने सुशीलसह १८ जणांवर खून, दंगल, कट अशा कलमांखाली आरोप निश्चित केले. सुशीलने आरोप नाकारले आहेत. न्यायालयाने त्याला दोषी ठरवलेले नाही, हे या लेखात शेवटपर्यंत लक्षात ठेवायचे आहे.

दोन न्यायालये, दोन आदेश

दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन दिला तेव्हा मुख्य मुद्दा उशिराचा होता. आरोपी साडेतीन वर्षांहून अधिक काळ कोठडीत होता. साक्षीदारांची यादी लांबलचक होती, त्यातले थोडेच तपासून झाले होते. खटला कधी संपेल याची शाश्वती नव्हती. दोष सिद्ध होण्याआधीच शिक्षा भोगायला लावू नये, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी फार पूर्वी मान्य केले आहे. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्येच जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद असे सूत्र मांडले होते. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांच्या प्रकरणात, म्हणजे हुसैनआरा खातून खटल्यात, जलद सुनावणी हा कलम २१ मधला मूलभूत हक्क ठरला.

सागरचे वडील या जामिनाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे मुद्दा वेगळा होता. गुन्ह्याचे गांभीर्य, आरोपीचे फरार होणे, त्याचे समाजातील वजन, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साक्षीदारांवर दबाव येण्याची भीती या गोष्टींचा उच्च न्यायालयाने पुरेसा विचार केला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तपासल्या गेलेल्या साक्षीदारांपैकी बरेच जण तोपर्यंत फितूर झाले होते. कोर्टाच्या भाषेत फितूर म्हणजे पोलिसांना आधी एक सांगून पिंजऱ्यात उभे राहिल्यावर भलतेच सांगणारा साक्षीदार. परिस्थिती बदलली तर आरोपी पुन्हा जामीन मागू शकतो, ही वाटही न्यायालयाने मोकळी ठेवली.

आता कोणते न्यायालय बरोबर? आमचे मत असे की दोघांनीही एकाच रोगाची दोन लक्षणे पाहिली. उच्च न्यायालयाला उशीर दिसला आणि सर्वोच्च न्यायालयाला त्या उशिरात उलटत गेलेले साक्षीदार दिसले. खटला वेळेत चालला असता तर साडेतीन वर्षांच्या कोठडीचा प्रश्न आला नसता, आणि साक्षीदारांना गाठायला कोणाला इतका अवधीही मिळाला नसता.

फितूर साक्षीदार आपल्याला नवे नाहीत

साक्षीदार उलटणे म्हणजे काय हे दिल्लीच्या वाहिन्यांनी आपल्याला शिकवायची गरज नाही. अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये शाळेत शिकणाऱ्या नितीन आगेचा खून झाला. गावच्या शाळेतून त्याला मारत नेले, असा आरोप होता. पाहणारे कमी नव्हते. पण खटला उभा राहिला तेव्हा एकामागून एक साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्याच्या आईवडिलांच्या वाट्याला काय आले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तिथे कोणी ऑलिम्पिकवीर आरोपी नव्हता. गावात शेत कोणाचे, मजुरी कोण देतो, पाण्याची वाट कोणाच्या दारावरून जाते, एवढे वजन साक्षीदाराचे तोंड बंद करायला पुरेसे असते.

म्हणून सागरचे वडील सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढले याची किंमत आपल्याला कळते. त्यांच्यासमोर देशाचा नायक होता. आपल्या माणसांसमोर गावचा पाटील, सरपंच, सोसायटीचा चेअरमन असतो. साक्षीदाराच्या दृष्टीने दोन्हीकडे भीती सारखीच.

याच अनुभवामुळे अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आरोपीला अटकपूर्व जामीन मिळू नये, या तरतुदीसाठी आपण रस्त्यावर उतरलो. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच सुभाष महाजन प्रकरणात हा कायदा सैल केला तेव्हा २ एप्रिलला भारत बंद झाला. त्याच वर्षी संसदेने १८-अ हे कलम घालून कायदा पूर्ववत केला.

आणि तरी आपणच जामीन मागतो

आता नाण्याची दुसरी बाजू. देशातील तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांतील सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालूच आहे असे. चार बंद्यांपैकी तिघांवरचा आरोप सिद्धच झालेला नाही. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे प्रमाण १६.६ टक्के होते. कच्च्या कैद्यांत मात्र दर पाचांपैकी साधारण एक जण अनुसूचित जातीचा असतो. त्यांतल्या कित्येकांना जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, म्हणून ते आतच राहतात.

तुरुंगाच्या आतही जात सुटत नाही. कोणी स्वयंपाक करायचा आणि कोणी संडास साफ करायचे हे जातीवरून ठरवणारे नियम कित्येक राज्यांच्या कारागृह नियमावलींत होते. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी ते उघड केले, याचिका केली आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले. म्हणजे संविधान लागू झाल्यावर जवळपास ७५ वर्षे हे नियम कागदावर शिल्लक होते.

२०२१ सालचा उन्हाळा आठवून पाहा. जूनमध्ये सुशीलने तुरुंगात प्रोटीन आणि विशेष आहार मागितला. न्यायालयाने तो नाकारला, आणि ते योग्यच झाले. पण त्याच महिन्यात त्याला मंडोलीहून तिहारला हलवताना पोलिसांनीच त्याच्यासोबत हसतमुखाने फोटो काढून घेतले. खुनाच्या आरोपीच्या खांद्याला खांदा लावून वर्दीतली माणसे उभी होती. पुढच्याच महिन्यात, ५ जुलैला, भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी फादर स्टॅन स्वामी यांचा जामिनाची वाट पाहत मुंबईत मृत्यू झाला. वय ८४. कंपवातामुळे त्यांना पेला धरता येत नव्हता, म्हणून पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा एवढ्यासाठी त्यांना आदल्या वर्षी न्यायालयात अर्ज करावा लागला होता. त्याच प्रकरणात आनंद तेलतुंबडे अडीच वर्षांहून अधिक, तर सुधीर ढवळे साडेसहा वर्षांहून अधिक काळ खटला सुरू न होताच आत राहिले.

त्याहून जवळची जखम परभणीची. १० डिसेंबर २०२४ रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, शहर पेटले आणि पोलिसांनी वस्त्यांत शिरून धरपकड केली. कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी त्यात पकडला गेला आणि १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा आढळल्या. पोलिसांवर गुन्हा दाखल व्हावा यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२५ मध्ये तिथेही हरले. सुशीलला चार वर्षांत निकाल मिळाला नाही ही तक्रार खरी आहे. सोमनाथला निकालाची वाट पाहण्याइतके दिवसच मिळाले नाहीत.

मग आपली कसोटी कोणती?

इथे आपल्यावर दुटप्पीपणाचा आरोप होतो. अत्याचाराच्या आरोपीला जामीन नको म्हणता आणि आपल्या कार्यकर्त्याला जामीन द्या म्हणता. हा आरोप झटकून टाकण्यासारखा नाही, त्याला उत्तर द्यायला हवे.

आमचे उत्तर असे. जामिनाचा विचार करताना आरोपी आपला की परका, आवडता की नावडता, हे पाहू नये. एकच प्रश्न विचारावा: हा माणूस बाहेर आला तर साक्षीदाराच्या दारावर थाप मारायची ताकद त्याच्याकडे आहे का? आणि तशी थाप आधी पडल्याच्या खुणा दिसतात का? ताकद असेल, खुणा दिसत असतील, तर साक्षी नोंदवून होईपर्यंत तो आत राहिला तर तो अन्याय नव्हे. ज्याच्या शब्दाने गावातले कुत्रेही हलणार नाही, असा मजूर, विद्यार्थी, म्हातारा पाद्री वर्षानुवर्षे आत राहतो तेव्हा ती शिक्षाच असते, फक्त निकालाशिवाय दिलेली.

या कसोटीवर सुशीलचा जामीन रद्द होणे आम्हाला पटते. तो दोषी आहे असे आम्ही म्हणत नाही, ते ठरवायचे काम न्यायालयाचे. साक्षीदार उलटत असताना त्याचे वजन नजरेआड करता येत नाही, एवढेच आमचे म्हणणे. पण याच कसोटीचा दुसरा अर्धा भाग असा की आत ठेवायचे असेल तर खटला पळवला पाहिजे. महत्त्वाचे साक्षीदार आधी तपासा, तारखा देणे थांबवा, आणि साक्षी संपल्या की जामिनाचा पुन्हा विचार करा. कोठडी साक्षीदाराच्या रक्षणासाठी असेल तर ती त्या कामापुरतीच हवी.

कायद्याची दिशा मात्र याला पूरक नाही. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते की कमाल शिक्षेच्या निम्मा काळ, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एकतृतीयांश काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडावे. पण फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेले गुन्हे त्यातून वगळले आहेत. जुन्या कायद्यात फक्त फाशीचे गुन्हे वगळलेले होते. म्हणजे खुनाच्या खोट्या आरोपात गोवलेल्या गरिबाला या कलमाचा काहीच उपयोग नाही. दुसरीकडे अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १४ म्हणते की आरोपपत्रानंतर शक्यतो दोन महिन्यांत खटला संपवावा. आपल्यापैकी कोणी दोन महिन्यांत संपलेला ॲट्रॉसिटीचा खटला पाहिला आहे का?

"फाशी द्या" म्हणण्याआधी

सुशीलला अटक झाली तेव्हा वाहिन्यांनी मारहाणीची दृश्ये दिवसरात्र दाखवली आणि निकाल स्टुडिओतच लावून टाकला. काल ज्याला देव म्हटले त्याला आज राक्षस म्हटले. आपल्या तरुणांनीही त्या मेसेजांत "फाशी द्या", "एन्काउंटर करा" असे लिहिले. त्या भाषेपासून आपण लांब राहावे असे आम्हाला वाटते. झटपट न्यायाचा दंडुका पडतो तेव्हा तो आधी कोणाच्या पाठीवर पडतो हे परभणीत दिसले आहे.

बाबासाहेबांची भूमिका इथे आठवावी. संविधान सभेत जून १९४९ मध्ये फाशीच्या अपिलांची चर्चा सुरू असताना, फाशीची शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक योग्य वाटते, असे त्यांनी सांगितले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी जे कलम मांडले ते आज कलम २२ म्हणून आपल्याला माहीत आहे: अटकेचे कारण सांगणे, वकील देऊ देणे, २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करणे. ज्यांच्या समाजाला शतकानुशतके सुनावणीविना शिक्षा झाली, त्या माणसाने आरोपीच्या हक्कांची ओळ संविधानात लिहून घेतली. ती ओळ सुशीलसाठी आहे तशीच सोमनाथसाठीही होती. सुशीलच्या बाबतीत ती पाळली गेली. ती सगळ्यांच्या बाबतीत पाळली जावी, एवढाच आपला आग्रह आहे.

खैरलांजीतही हाच धडा मिळाला. २००६ च्या त्या हत्याकांडात २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली आणि आपण समाधान मानले. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती २५ वर्षांच्या जन्मठेपेत बदलली. पण खरा पराभव दुसरीकडे होता. तो खून जातीच्या द्वेषातून झाला हे न्यायालयात टिकले नाही आणि अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. आपण फाशी मोजत राहिलो. तपास, पंचनामा आणि साक्षी यांवर लक्ष ठेवायला कमी पडलो.

कार्यकर्त्यांनी काय करावे

चर्चा कृतीत उतरावी म्हणून काही गोष्टी.

वस्तीतल्या कोणाला अटक झाली तर पहिल्या रात्रीच पोलीस ठाण्यात जा. अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना दिलेली सूचना आणि वैद्यकीय तपासणी या तीन गोष्टी मागा. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिलेले हे नियम आहेत. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, त्यामुळे दिवस मोजा.

आपला माणूस पीडित असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १५-अ पाठ करा. २०१५ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम पीडिताला जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळण्याचा आणि तिथे म्हणणे मांडण्याचा हक्क देते. साक्षीदाराला संरक्षण, प्रवासखर्च, गरज पडल्यास दुसरीकडे राहण्याची सोयही त्यात आहे. महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब लवकरात लवकर मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवण्याची मागणी करा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्ह्यात किती अर्ज झाले आणि किती मंजूर झाले, याची माहिती माहिती अधिकारात काढा. तो आकडा हातात आला की मोर्च्यात बोलायला ठोस काहीतरी असेल.

आणि तारखेला जा. निकालाच्या दिवशी गर्दी होते. साक्षीच्या दिवशी पिंजऱ्यात उभ्या असलेल्या बाईला मागे वळून पाहिल्यावर ओळखीचा एकही चेहरा दिसत नाही. तिच्यामागच्या बाकावर आपली चार माणसे प्रत्येक तारखेला बसलेली दिसली, तर समोरच्याचे वजन कितीही असो, तिच्या तोंडून खरे निघण्याची शक्यता वाढते. छत्रसालचा खटला दिल्लीत चालेल तसा चालेल. आपल्या जिल्हा न्यायालयात पुढची तारीख कोणाची आणि कधी आहे, ते आजच विचारून घ्या.